हिशेबापलीकडचा आनंद

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा पाठ)



देवाचे स्मरण माणसाला सहसा दोन वेळी होते. संकट आले की आधार म्हणून, आणि मनासारखे झाले की नवस फेडण्यासाठी. दोन्ही वेळी मनात कुठेतरी एक खातेवही उघडलेली असते. एका पानावर भक्ती जमा, दुसऱ्या पानावर सुख येणे. येणे वेळेवर आले तर देव कृपाळू; न आले तर देव कठोर, किंवा मग देव नाहीच. या वहीत समाधान असू शकते, दिलासा असू शकतो. परंतु आनंद तेथे फार काळ टिकत नाही, कारण तो पुढच्या नोंदीवर अवलंबून असतो. सुखात आणि दुःखात सारखाच टिकणारा ईश्वरी आनंद म्हणून जो संतांनी सांगितला, तो कोणत्या जातीचा? आणि ज्याचे घर कोसळले आहे त्याच्यापुढे अशा आनंदाची गोष्ट काढणे हे निष्ठुरपणाचे नाही काय? आजच्या विषयाचा गाभा या दोन प्रश्नांत आहे. त्यांची उत्तरे शोधताना प्रथम ज्याच्याकडे वळावे असा पुरुष स्वतः व्यापारी होता. खातेवही त्याच्या रोजच्या हाताखालची होती. तो म्हणजे देहूचा तुकाराम.

तुकोबांचा जन्म इ.स. १६०८ च्या सुमारास देहू येथे झाला. घराणे जन्माने शूद्र गणले गेलेले, परंतु प्रतिष्ठित. घरी महाजनकी होती, शेतीवाडी होती, दुकान होते, सावकारी होती. विश्वंभरबाबांपासून विठ्ठलाची उपासना आणि पंढरीची वारी घरात चालत आलेली होती. वडील बोल्होबा आणि आई कनकाई यांच्या छायेत वाढलेल्या तुकोबांनी तरुणपणीच व्यवहार हाती घेतला, आणि तो चांगला चालला. म्हणजे देव घरात होता आणि लक्ष्मीही घरात होती. या काळातील त्यांच्या भक्तीविषयी फारसे काही सांगितले जात नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. देव तेव्हा घराच्या इतर वैभवापैकी एक होता. निराळा असा त्याचा शोध घेण्याची वेळ आली नव्हती.

ती वेळ आली तेव्हा एकामागून एक आघात घेऊन आली. आईवडील गेले. थोरल्या भावाची पत्नी वारली आणि तो विरक्त होऊन तीर्थाटनाला निघून गेला. त्यातच १६३० च्या सुमारास दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. या दुष्काळाचे वर्णन केवळ संतचरित्रांत नाही. शाहजहानच्या दरबारी लिहिल्या गेलेल्या बादशाहनाम्यातही दख्खन आणि गुजरात येथील त्या उपासमारीची भयानक हकीकत नोंदलेली आहे. गुरे गेली, धान्य संपले, व्यापार बुडाला, दिवाळे निघाले. थोरली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, आणि परंपरेप्रमाणे संतू नावाचा मुलगाही गेला. ज्याच्या दारात लोक उधार मागायला येत, त्याच्याच घरात मूठभर दाणा राहिला नाही. पत्नी अन्न अन्न करीत गेल्याची वेदना तुकोबांनी आपल्या आत्मपर अभंगांत लपविलेली नाही, आणि लोकांत मान गेल्याची लाजही लपविलेली नाही.

यानंतर तुकोबांनी जे केले, त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. गावातील विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते. स्वतःचे घर मोडलेले असताना त्यांनी ते देऊळ हाताने सावरले. संतांची वचने पाठ केली, एकादशीला कीर्तन करू लागले, भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांत धरला. लोकांकडून येणे असलेल्या कर्जाचे कागद होते. परंपरा सांगते, की धाकट्या भावाच्या वाट्याचे अर्धे कागद त्यांनी त्याला दिले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत सोडून दिले. दुष्काळाने नागवलेल्या कुळांना त्या दिवशी किती हलके वाटले असेल, याची कल्पना करता येते. परंतु सर्वांत मोठी मोकळीक मिळाली ती सावकाराला. लोकांकडचे येणे त्याने सोडले, आणि त्याबरोबर देवाकडचे येणेही सुटले. तुकोबांच्या आनंदाची सुरुवात शोधायची तर ती येथे शोधावी लागते. गेलेले काहीच परत मिळाले नव्हते. पत्नी नाही, मूल नाही, पत नाही. बदलले होते ते एवढेच, की जमाखर्चाची वही मिटली होती.

दिवाळे निघाले, दुष्काळाने छळले, हे चांगलेच झाले, अशा अर्थाचा तुकोबांचा एक अभंग प्रसिद्ध आहे. तो फार वेळा सांगितला जातो, आणि पुष्कळदा चुकीच्या ठिकाणी सांगितला जातो. कोणाच्या घरी मृत्यू झाला, कोणाची गिरणी बंद पडली, की एखादा शहाणा मनुष्य गंभीर चेहऱ्याने सांगतो, ‘जे होते ते बऱ्यासाठीच.’ तुकोबांनी असे कोणालाही सांगितलेले नाही. त्या उद्गारातील दुःख त्यांचे स्वतःचे आहे, दुसऱ्याचे नाही. आणि ते दुःख पूर्ण भोगून झाल्यानंतर, मागे वळून पाहताना तो उद्गार निघाला आहे. आपल्या दुःखाबद्दल मनुष्याने हे म्हटले तर ती भक्ती होते. शेजाऱ्याच्या दुःखाबद्दल म्हटले तर तो निर्दयपणा होतो. शेजाऱ्यासाठी तुकोबांनी जे केले ते कर्जाचे कागद बुडविणे होते. रंजल्यागांजल्यांना जवळ करणारा तोच साधू, ही त्यांची कसोटी प्रसिद्ध आहे.

दुसरी गोष्ट अशी, की हा आनंद अश्रूंना वर्ज्य मानणारा नाही. गाथा उघडून पाहणाऱ्याला तेथे एकसुरी प्रसन्नता आढळत नाही. तेथे तळमळ आहे, देवाशी भांडण आहे, त्याला दिलेल्या शिव्या आहेत, देव मेला असे म्हणण्यापर्यंत गेलेली निराशा आहे. आणि त्याच गाथेत सारे अंग आनंदाने भरून आल्याचे अभंगही आहेत. या दोहोंत विसंगती नाही. ज्याच्याशी केवळ व्यवहाराचे नाते असते त्याच्याशी मनुष्य सांभाळून बोलतो. ज्याच्याशी घरचे नाते असते त्याच्याशीच तो भांडतो. भांडण करता येते इतके देवाचे सान्निध्य खरे वाटणे, हाच त्या आनंदाचा पाया आहे.

परंतु एवढ्यावर थांबले तर चित्र अपुरे राहील. तुकोबा डोंगरावर गेले तेव्हा घरी जिजाई होती. मुले होती, चूल होती, आणि चुलीवर ठेवायला पुष्कळदा काही नव्हते. परंपरेने जिजाईला कजाग ठरविले, तिच्या तोंडी विठ्ठलाला उद्देशून कठोर शब्द घातले. आणि त्याच परंपरेने तिला उन्हातान्हात भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढतानाही दाखविले आहे. नवऱ्याने आधी खावे मग आपण, हा तिचा नेम. तिच्या पायात काटा मोडला आणि तो स्वतः विठ्ठलाने काढला, अशी कथा आहे. कथा सांगणाऱ्यांच्या मनातही हे असले पाहिजे, की या आनंदाची किंमत कोणीतरी दुसरेही मोजत होते, आणि देवाला त्याची जाणीव होती. पुढे तुकोबांच्या निर्वाणानंतर जिजाईला झालेला मुलगा नारायणबाबा, यानेच १६८५ मध्ये देहूहून पादुका पालखीत ठेवून पंढरीची वारी सुरू केली. वारीत आज चालणारा प्रत्येक जण तुकोबांबरोबर जिजाईचाही ऋणी आहे.

ज्याला घर सोडून डोंगरावर जाता येत नाही त्याने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर तुकोबांच्याच एका शिष्येने दिले आहे. बहिणाबाईंचा जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. लहानपणीच त्यांचे लग्न वयाने पुष्कळ मोठ्या अशा बिजवराशी झाले. भाऊबंदकीच्या आणि पैशाच्या तंट्यामुळे कुटुंबाला गाव सोडून भटकावे लागले. कोल्हापूरला असताना कीर्तनातून तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले आणि चित्त तेथे जडले. नवरा वेदपाठी ब्राह्मण. बायकोने एका शूद्र संताचा ध्यास घ्यावा हे त्याला सहन होईना. त्याने मारहाण केली, छळ केला. हे सर्व बहिणाबाईंनी स्वतः आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगून ठेवले आहे. स्त्रीला वेदाचा अधिकार नाही, घराबाहेर पाऊल टाकण्याची मोकळीक नाही, मग परमार्थ साधावा कसा, ही त्यांची व्यथा उघड आहे. पुढे आजारपणात नवऱ्याचे मन पालटले आणि ते कुटुंब देहूला आले. तेथेही विरोधाने त्यांची पाठ सोडली नाही. तरीही बहिणाबाईंनी संसार टाकला नाही आणि अभंगही टाकला नाही. झालेला अन्याय गोड मानून घेणे त्यांच्या आनंदात बसत नव्हते. मार बसला तर तो मार आहे असेच त्यांनी लिहिले. मात्र त्या माराला आपल्या अंतःकरणाचे मालक होऊ दिले नाही.

येथवर दुःखाचा विचार झाला. सुखाच्या काळाची परीक्षा मात्र अधिक अवघड, कारण ती परीक्षा आहे हेच लक्षात येत नाही. यासाठी इंदूरच्या श्रोत्यांना दूर जाण्याचे कारण नाही. अहिल्याबाई होळकरांच्या हाती सत्ता होती, खासगीची मोठी दौलत होती. अशा स्थितीत देवाचे नाव दिमाखासाठी घेणे सोपे असते. अहिल्याबाई आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्रीशंकर’ लिहीत, असे परंपरा सांगते. राज्य शिवाचे, आपण केवळ कारभारी, हा त्याचा अर्थ. काशीविश्वेश्वराचे मंदिर, गयेचे विष्णुपद मंदिर, सोमनाथ, आणि देशभरचे घाट, विहिरी व अन्नछत्रे यांवर त्यांनी जे द्रव्य वेचले, त्यात आपले काही देऊन टाकल्याचा आव नव्हता; ज्याचे होते त्याच्या लेकरांपर्यंत ते पोहोचविणे होते.

आणि याच बाईंच्या आयुष्यात मृत्यूने किती वेळा दार ठोठावले! १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये पित्यासारखे सासरे मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव. १७९० मध्ये नातू नथ्याबा, १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे, आणि त्यांच्यामागे सती गेलेली मुक्ताबाई. मुलीला परावृत्त करण्याचा अहिल्याबाईंनी केलेला प्रयत्न आणि त्यानंतरचा त्यांचा आकांत माळव्याच्या स्मरणातून गेलेला नाही. त्या आकांताला कोणी आनंद म्हणू नये. परंतु १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे देह ठेवीपर्यंत त्यांची शिवपूजा चुकली नाही आणि रयतेची दाद घेणेही चुकले नाही. वैभवात जे आपले मानले नव्हते, ते शोकात सोडून देण्याचा प्रश्नच आला नाही. हातातले काम देवाचे होते, आणि ते दुःखाच्या दिवशीही तितकेच देवाचे राहिले.

देहूचा दिवाळखोर वाणी, मार सोसणारी गृहिणी आणि महेश्वरची राणी यांच्यात बाह्यतः काहीच साम्य नाही. साम्य आहे ते एकाच ठिकाणी: तिघांनीही देवाशी जमाखर्च ठेवला नाही. म्हणूनच सुख हे देवाचे बक्षीस ठरले नाही आणि दुःख ही त्याची शिक्षा ठरली नाही. देव स्वतःच हवासा वाटणे, एवढाच त्या आनंदाचा अर्थ. तो दुःख नाहीसे करीत नाही. दुःखात मनुष्याला एकटे राहू देत नाही. तो सुख हिरावून घेत नाही. सुखात त्याला उन्मत्त होऊ देत नाही.

शेवटी ज्या वास्तूत हे विचार मांडले जात आहेत, तिच्याविषयी. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या आणि तेरा दिवसांनी त्या वर आल्या, असे भाविक मानतात. ज्यांची बुद्धी चमत्कारापाशी थांबते, त्यांनाही एवढे मान्य करावे लागते, की लोकांनी ते अभंग कंठात धरले होते आणि म्हणून ते बुडणे शक्य नव्हते. पुढे १८६९ ते १८७३ या काळात मुंबई सरकारच्या साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेची चिकित्सक आवृत्ती निघाली, आणि तुकोबांची वाणी ग्रंथालयांच्या कपाटांपर्यंत आली. महाराष्ट्रापासून दूर, परक्या बोलीच्या शेजारात, शंभर वर्षे अशी कपाटे उघडी ठेवणाऱ्यांनी वाचकांवर मोठे उपकार केले आहेत. कारण गाथा मागायला येणारा वाचक नेहमी एकाच कारणाने येत नाही. कोणी मुलीच्या लग्नानंतर भरल्या मनाने येतो, कोणी तेराव्यानंतर रिकाम्या घरातून येतो. दोघांनाही तेच पुस्तक दिले जाते, आणि दोघांनाही त्यात आपले पान सापडते. या ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकातही ते पुस्तक कपाटात धूळ खात न राहता वाचकांच्या हाती फिरत राहो, हीच प्रार्थना.