परिचर्या शिक्षणाची निवड आणि घरचा जमाखर्च
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेले व्याख्यान)



बारावीनंतर नोकरीला लागलेली मुलगी परिचारिका होण्याची इच्छा बोलून दाखविते, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघतो तो शुल्काचा. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. तिचा पगार ज्या घरात किराण्याला आणि धाकट्या भावंडांच्या वह्यापुस्तकांना लागतो, तेथे खरा भार बंद पडणाऱ्या पगाराचा असतो. परिचर्येचे शिक्षण पूर्णवेळ आहे. वर्ग आणि रुग्णालयातील पाळ्या सांभाळून नोकरी टिकणे कठीण. म्हणून मिळकतीविना किती वर्षे निभतील, हे कुटुंबाने आधी एकत्र बसून ठरवावे.

बारावीनंतर परिचारिका होण्याचे मुख्य मार्ग दोन. जी.एन.एम. ही पदविका ३ वर्षांची, तर बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी ४ वर्षांची. पदवीसाठी बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र आवश्यक असते. पदविकेला अन्य शाखांतूनही प्रवेश मिळू शकतो. पदविकेनंतर नोंदणी करून नोकरी धरता येते आणि पुढे २ वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने पदवीही मिळविता येते. शिक्षणाची वर्षे ५ होतात खरी, परंतु मध्यंतरी घराला हातभार लागतो. ज्यांना ४ वर्षे सलग निभावता येतील, त्यांना थेट पदवी हिताची. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी पदविकेला कमीपणा मानू नये. ती पहिली पायरी होय.

दोन संस्थांची तुलना करताना वसतिगृह, भोजन, गणवेश, प्रवास व परीक्षा यांचा खर्च शुल्कात मिळवूनच बेरीज करावी. स्वस्त वाटणारी दूरची संस्था कित्येकदा महाग पडते. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आणि पदवीसाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता स्वतः पडताळावी. मान्यतेविना नोंदणी नाही आणि नोंदणीविना परिचारिका म्हणून काम करता येत नाही. संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयात खरोखर रुग्ण आहेत ना, हे प्रत्यक्ष पाहावे. रिकाम्या खाटांवर शुश्रूषा शिकता येत नाही.

बँकेच्या शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणतः शिक्षण संपून १ वर्षाने सुरू होते; व्याज मात्र तोवर साचत राहते, याचे भान ठेवावे. २०१४ साली जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशीही म्हणून अवश्य करावी.

शेवटी एक विनंती. प्रवेशाच्या दिवशी मुलीला शाल-श्रीफळ मिळते. अडचण येते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, घरची गंगाजळी आटल्यावर. समाजातील संस्थांनी त्या वर्षांसाठी दरमहा थोडी रक्कम राखून ठेवली, तर पैशांपायी अर्ध्यावर सुटणारे शिक्षण पूर्णत्वास जाईल.