मोरीमागचा सोनटक्का

रामवाडीच्या बचत गटातून आम्ही बोलतोय. मे संपत आलाय, सगळ्यांची आगोटीची गडबड चालू असणार. लाकडं भरायची, पापड उन्हात आहेत, कौलं चाळायची राहिलीत. हातातलं काम टाकू नका, करता करता ऐका.

एक सांगा, तुमच्या घराच्या मोरीमागे काय आहे? आमच्याकडे बहुतेक घरांमागे एकच चित्र होतं. भांड्यांचं पाणी सांडून झालेला चिखल, थोडं शेवाळ, एखादी अळवाची गादी आणि सावली. वरून शेजारच्या घराची भिंत, नाहीतर आंब्याची फांदी. तिथे मिरची लावली तर कुजते, झेंडू लावला तर नुसता उंच वाढतो आणि फुलं धरत नाही. म्हणून ती जागा कुणाच्या हिशेबात नसते. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, अंगण पाहुण्यांचं. मोरीमागची ही चार हात जागा मात्र आपलीच, कारण ती दुसऱ्या कुणाला नको असते. आज याच जागेबद्दल बोलायचंय. तिथे सोनटक्का लावा, एवढंच सांगायला आलोय.

पण आधी आमची फजिती सांगतो.

चार वर्षांपूर्वी गटात ठरलं की फुलांचं काहीतरी करू. आमच्या पेण तालुक्यात गणपतीच्या आधी केवढी धावपळ असते हे तुम्हाला माहीत आहे. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत कितीतरी बायका रंगकामाला जातात. मूर्ती इथून जगभर जातात, मग गौरी-गणपतीची फुलं बाहेरून का यावीत, असं आम्हाला वाटलं. सोनटक्का नेमका त्याच दिवसांत फुलतो. गटाच्या शिल्लकीतून पंधराशे रुपये काढले, पन्नास कंद विकत आणले आणि एका ताईच्या शेताच्या बांधावर ओळीने लावले. उघड्यावर, लख्ख उन्हात. आम्हाला वाटलं, फुलझाड आहे, ऊन जितकं जास्त तितकी फुलं जास्त.

पावसाळाभर झाडं झकास वाढली. आम्ही रोज बघून यायचो. पहिल्या वर्षी फुलं आली ती चार-दोनच, तरी आम्ही समाधानी होतो. मग पाऊस गेला आणि ऑक्टोबरचं ऊन लागलं. पानांच्या कडा करपल्या, टोकं कागदासारखी झाली. बांधावर पाणी न्यायचं तर कळशीने न्यायचं, आणि भातकापणीच्या दिवसांत ते कोण करणार? होळीपर्यंत जमिनीला भेगा पडल्या. उकरून पाहिलं तर बरेचसे कंद सुंठीसारखे वाळलेले. पन्नासातले नऊ जगले.

त्याच महिन्यात आमच्या एका सभासद ताईने मुलीच्या फीसाठी दोन हजारांचं कर्ज मागितलं होतं. पेटीत तेवढे पैसे नव्हते. आठ दिवसांनी, पुढची बचत गोळा झाल्यावर तिला दिले. ती काही बोलली नाही. पण त्या बैठकीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं, हे आम्ही विसरलेलो नाही.

मग एक दिवस वाडीतल्या एका म्हाताऱ्या काकींकडे हळदीकुंकवाला गेलो. त्यांच्या मोरीमागे सोनटक्क्याचं पुरुषभर उंच बेट. किती वर्षांचं आहे विचारलं, तर म्हणाल्या की त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून आहे. आम्ही बांधाची गोष्ट सांगितली. काकी हसल्या आणि म्हणाल्या, "बाय, त्याला ऊन दाखवलंत, पाणी दाखवलं नाय." बेट आमच्या वाडीतच होतं आणि आम्ही पंधराशे रुपये घालून बसलो होतो. काकींनी दोन घमेली कंद फुकट दिले.

तेव्हापासून जे शिकलो ते आता सांगतो.

सोनटक्का हा आल्या-हळदीच्या घराण्यातला. जमिनीत आल्यासारखा गड्डा, त्यातून सरळ दांडे वर येतात, चार ते सहा फूट. पानं लांब, टोकदार, दांड्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने. पातोळ्यांना लागणारं हळदीचं पान रुंद असतं आणि जमिनीलगत येतं, त्यामुळे नीट पाहिलं तर घोटाळा होत नाही. याचं मूळ घर हिमालयाच्या पायथ्याकडचं, ओलसर झाडीतलं. ओढ्याकाठी मोठ्या झाडांखाली वाढणारी जात ती. त्याला बांध कसा मानवेल?

सावली म्हणजे मात्र काळोख नव्हे. आमच्या एका मैत्रिणीने दाट आंब्याखाली, अगदी बुंध्याजवळ लावला. पानं आली, फूल एक नाही. आंब्याची मुळं पाणी ओढून घेतात ते वेगळंच. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारनंतर भिंतीची सावली येईल अशी जागा उत्तम. पश्चिमेचं ऊन थेट लागत असेल तर ती जागा सोडा.

लावायची वेळ आत्ताची. पहिला पाऊस पडून माती मऊ झाली की लावा, भातलावणी सुरू झाली की मग कुणाला सवड नसते. गड्ड्याचे वीतभर तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे हवेत. कापल्यावर एक दिवस सावलीत ठेवा म्हणजे कापलेली बाजू सुकते. वीतभर खड्डा, त्यात घमेलंभर कुजलेलं शेणखत आणि माती. कंद आडवा ठेवायचा, डोळे वर, आणि वर दोन-तीन बोटं माती. खोल पुरू नका. दोन कंदांत दीड-दोन फूट अंतर ठेवा. वरून पालापाचोळा पसरा.

भिंतीपासून दीड हात लांब लावा. घरच्यांची पहिली तक्रार हीच असते की झाडीत साप-विंचू येतील आणि भिंतीला ओल येईल. तक्रार खोटी नाही. भिंत आणि बेट यांच्यात झाडू फिरेल एवढी जागा राहिली, आणि बुंध्याशी वाळलेली पानं-दांडे साठू दिले नाहीत, तर मागची जागा पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसते. आमच्याकडे तीन घरांत सासऱ्यांनी आधी नको म्हटलं होतं. त्यातले एक आता रोज संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसतात.

पाण्याचं सांगायला हवं. पावसाळ्यात आपल्याला काहीच करायला नको, पागोळ्यांचं पाणी पडतं तिथेही तो मजेत राहतो. खरी परीक्षा दिवाळीनंतर. तेव्हा मोरीचं पाणी कामाला येतं. तांदूळ-भाजी धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी चालतं. कपड्यांच्या साबणाच्या फेसाचं पाणी आम्ही त्याला देत नाही, ते दुसरीकडे काढतो. पाण्याला लहानसा चर खणून ते बेटभर फिरवा. एका जागी डबकं साचू देऊ नका. डबक्यात डास होतात, आणि मग आशाताई आल्या की बोलणी खायची आपण. माती ओली हवी, पाणी उभं राहायला नको.

एक दांडा एकदाच फुलतो. फुलं संपली की तो दांडा बुडापासून विळ्याने कापून टाका, म्हणजे नव्या कोंबांना जागा होते. आम्ही पहिल्या वर्षी हिरवा दांडा कापायला घाबरत होतो. घाबरू नका. दर तीन वर्षांनी बेट उकरून मोकळं करा, नाहीतर मधले गड्डे एकमेकांवर चढतात आणि फुलं कमी होतात.

रोग-किडीचा फार त्रास नाही. पावसाळ्यात पानाची गुंडाळी करून आत बसणारी एक अळी दिसते, तीच हळदीवर आणि आल्यावरही येते. गुंडाळी उलगडून अळी काढून टाकली की झालं. तिचं पुढे तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांचं फुलपाखरू होतं, त्यामुळे आमच्यातल्या काही जणी तिला राहू देतात. दोन-चार पानं गेली तर झाडाचं काही जात नाही.

आता फुलांचं. दांड्याच्या टोकाला हिरवं कणीस येतं आणि त्यातून दोन-तीन आठवडे रोज थोडी थोडी फुलं निघतात. फूल संध्याकाळी उमलतं, पांढरंशुभ्र, फुलपाखरू बसल्यासारखं. रात्रभर वास, आणि दुसऱ्या दिवशी मान टाकतं. विकायचं असेल तर सगळा खेळ वेळेचा आहे. पहिल्यांदा आम्ही उमललेली फुलं सकाळी तोडून पेणच्या बाजारात नेली. एसटीतून उतरेपर्यंत पिवळी पडली, एकही गेलं नाही. आता दुपारी तीनच्या सुमाराला फुगलेल्या कळ्या तोडतो. केळीच्या पानात ओलं फडकं, त्यात दहा-दहा कळ्यांची पुडी, आणि वर पाणी शिंपडायचं. संध्याकाळी बाजारात पुडी उघडली की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कळी उमलते. त्यासारखी जाहिरात नाही! गौरीच्या तीन दिवसांत पुड्या पटापट जातात. आपल्याकडची गौर तेरड्याची, तिच्याशेजारी सोनटक्का छान दिसतो.

पण खोटं सांगणार नाही. यातून घर चालत नाही. गौरीनंतर मागणी एकदम उतरते, आणि पाऊस जोराचा असेल तर कळ्या काळ्या पडतात. आमच्या अकरा घरांच्या मोऱ्यांमागून तिसऱ्या वर्षी गटाचे पंधराशे वसूल झाले आणि वर थोडे राहिले. कुणी म्हणालं की एकरभर लावा, तर आमचं मत नाही म्हणून आहे. मोकळ्या जमिनीवर त्याला सावली आणि पाणी देण्याचा खर्च फुलांतून निघत नाही. मोरीमागे तो फुकट वाढतो म्हणून परवडतो.

आणखी एक काळजी घ्या. उकरलेले गड्डे ओढ्यात किंवा पाटात फेकू नका. त्याचा तुकडा वाहत जाऊन जिथे अडकतो तिथे रुजतो. हवाई बेटांवर आणि ब्राझीलमध्ये बागेतला सोनटक्का असाच ओढ्यांच्या काठाने पसरला आणि तिथलं मूळचं रान दाबून बसला. आता तिथे त्याला तण म्हणून उपटतात. दुसरीकडे क्यूबा देशाने त्यालाच आपलं राष्ट्रीय फूल मानलंय. तिथे स्पेनविरुद्धच्या लढाईत बायका केसांतल्या या फुलांमध्ये चिठ्ठ्या लपवून नेत, असं सांगतात. हे वाचलं तेव्हा आम्हाला आमच्या काकी आठवल्या. त्या रोज संध्याकाळी एक फूल अंबाड्यात खोवतात, आणि कुणासाठी म्हणून विचारलं की लाजतात.

यंदा आमची सात बेटं मोकळी करायची वेळ आलीय. जूनच्या पहिल्या पावसानंतरच्या रविवारी सकाळी उकरणार आहोत. आजूबाजूच्या गटांपैकी ज्यांना कंद हवेत त्यांनी आपल्या सीआरपी ताईला सांगून ठेवा आणि त्या दिवशी या. पैसे नकोत. येताना ओलं पोतं आणा, कंद उन्हात उघडे नेऊ नका. आणि घरून निघण्याआधी मोरीमागे सकाळचं ऊन किती वेळ येतं ते बघून या, आम्ही पहिलं तेच विचारणार आहोत.