सुके बोंबील आणि कोळणीची मिळकत



पावसाळ्यांत पानावर सुका बोंबील आला कीं मासे खाणाऱ्या घरांत जेवणाला रंग चढतो. पण तो वाळविणाऱ्या बाईच्या पदरांत काय पडलें, याचा विचार आपण क्वचितच करतों. तोच हिशेब आज थोडक्यांत मांडावयाचा आहे.

वसई, अर्नाळा, सातपाटी या किनाऱ्यांवर होड्या लागल्या म्हणजे बायकांचें काम सुरू होतें. बोंबलाच्या अंगांत शेंकडा ८५ हून अधिक पाणी; तो ठेवला तर लवकरच नासतो. म्हणून दोन दोन बोंबील तोंडांत तोंड अडकवून बांबूंच्या वलांडीवर दोरीला टांगतात. मीठ लावीत नाहींत. सारी भिस्त ऊन व वारा यांवर. जवळा मात्र पुष्कळदां भुईवरच पसरतात. त्यांत वाळू मिसळते, माशा बसतात आणि भाव उतरतो. तोच जवळा गोड्या पाण्यानें धुवून, उंच मांचीवर ताणलेल्या जाळ्यावर पसरला, तर खालूनहि वारा लागतो, तो लवकर वाळतो व स्वच्छ राहतो. एवढ्यासाठीं यंत्र लागत नाहीं.

परंतु केवळ चांगला माल तयार करून भागत नाहीं. जून व जुलै महिन्यांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हां ताजी मासळी दुर्मिळ होऊन सुक्या मासळीला मागणी वाढते. कोळणीला मात्र तोंवर थांबणें पुष्कळदां परवडत नाहीं. व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घेतलेली असली, म्हणजे तो देईल त्या भावानें मे महिन्यापूर्वींच माल द्यावा लागतो. पुढें भाव चढला, तर त्याचा लाभ कोठीवाल्यास होतो.

तेव्हां वाळविण्याची कला जिच्या हातांत पूर्वींपासूनच आहे, तिला कोरडी कोठी आणि रास्त व्याजाचें कर्ज यांची गरज अधिक. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पांत किसान क्रेडिट कार्डाची सोय मत्स्यव्यवसायासहि लागू करण्याचें ठरलें. तींत स्त्रियांच्या गटांनाहि स्थान आहे. चारचौघी एकत्र येऊन असें कर्ज मिळवितील आणि माल दोन महिने राखतील, तर त्याच मेहनतीचे दाम वाढतील.

आपल्याकडूनहि थोडें साह्य होण्याजोगें आहे. कोळीण स्वतः टोपली घेऊन बाजारांत बसलेली असेल, तर स्वच्छ मालाचे चार पैसे अधिक देतांना घासाघीस करूं नये. ते पैसे थेट तिच्या घरीं जातात, आणि पुढच्या हंगामाची उचल तेवढी कमी होते.