बोलावे तरी कोणापाशी?



पत्नी निवर्तल्यावर मुलुंडच्या घरी आम्ही देवपूजा एक दिवसही चुकविली नाही. परंतु रात्री डोळ्यास डोळा लागेना. ज्ञातीत काय म्हणतील, या भयाने मौन धरले. अखेर सूनबाईंनी ठाण्यास नेले. तेथे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापिलेली ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. समुपदेशक बाईंनी उपदेश केलाच नाही, केवळ ऐकून घेतले. (आम्हां शिक्षकांस हे नवलच!) १६३० च्या सुमारास दुष्काळात तुकोबांची पत्नी अन्नावाचून गेली, त्यांनीही दुःख पोटात न ठेवता विठोबापाशी मोकळे केले. मग आम्हांस कसली लाज? २०२२ पासून शासनाची ‘टेलिमानस’ दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे. तिचा १४४१६ हा क्रमांक आम्ही देवघराशेजारी लिहून ठेवला आहे.