हरवलेले दोन तास

माझ्या लहानपणची गोष्ट. कोकणातल्या आमच्या गावी माझे एक मामा बाजाराच्या गावाहून रात्री घरी यायला निघाले. वाट रोजची, अंतर जेमतेम दीड कोसाचे. नऊला निघालेला माणूस दहा-साडेदहाला घरी यायचा, तो उजाडता उजाडता आला. अंगावर ओरखडे, पायांत एकच वहाण. विचारले तर एवढेच म्हणाले, "वाट सापडेना. फिरून फिरून त्याच वडाखाली येत होतो." ओटीवर माणसे जमली. निम्म्यांनी निकाल दिला, "चकवा लागला." उरलेल्यांनी एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावले, त्यांच्या मते मामा कुठेतरी पिऊन पडले होते. आम्ही पोरे या दुसऱ्या पक्षात. कितीतरी दिवस आम्ही मामांना 'चकवा' म्हणून चिडवीत असू. मामा त्या रात्रीबद्दल पुन्हा कधी अवाक्षर बोलले नाहीत.

ती सकाळ मला आठवली एका अमेरिकन जोडप्याची हकीकत वाचताना. त्यांचेही असेच रात्रीच्या वाटेवर दोन तास हरवले होते. त्यांच्या मते ते दोन तास परग्रहावरच्या लोकांनी नेले. आज पृथ्वीच्या पाठीवर, विशेषतः अमेरिकेत, "आम्हाला आकाशयानातून पळवून नेले होते" असे शपथेवर सांगणारी माणसे पुष्कळ आहेत. त्या साऱ्या कथांचा साचा बहुतांशी या एका हकिकतीतून आलेला आहे. म्हणून तीच नीट पाहू.

बार्नी हिल आणि त्यांच्या पत्नी बेटी हे न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्‌समथ गावचे रहिवासी. बार्नी ३९ वर्षांचे, बॉस्टनच्या टपालखात्यात नोकरीला. बेटी राज्याच्या समाजकल्याण खात्यात. दोघेही नागरी हक्कांच्या चळवळीत काम करणारी, चारचौघांत मान असलेली माणसे. बार्नी कृष्णवर्णीय आणि बेटी गोऱ्या, ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिचे काम पुढे पडणार आहे.

१९६१ च्या सप्टेंबरात ही दोघे नायगारा आणि माँट्रिऑल पाहून मोटारीने परत निघाली होती. बरोबर डेल्सी नावाची त्यांची कुत्री. १९ तारखेच्या रात्री दहाच्या सुमारास कोलब्रुक गावच्या उपाहारगृहात खाऊन ती पुढे निघाली. अडीच-तीनपर्यंत घरी पोचू, असा बार्नींचा हिशेब. वाट व्हाइट मौंटन्स या डोंगरांतली, सामसूम. वाटेत चंद्राजवळ एक तेजस्वी ठिपका दिसला. तारा म्हणावा, तर तो हलत होता! थांबावे, दुर्बिणीतून पाहावे, पुन्हा निघावे, असे चालले होते. इंडियन हेड नावाच्या कड्याजवळ ते तेज इतके खाली आले की बार्नी मोटार रस्त्यातच उभी करून उतरले. दुर्बिणीतून त्यांना खिडक्यांची रांग दिसली, आणि खिडक्यांत उभ्या आकृत्या. हे आपल्याला धरणार, असे ओरडत ते पळत मोटारीकडे आले आणि त्यांनी गाडी भरधाव सोडली. मागून 'बीप बीप' असा चमत्कारिक आवाज आला, अंगावर गुंगी चढली. पुन्हा तसाच आवाज ऐकून भान आले, तेव्हा गाडी सुमारे पस्तीस मैल पुढे आली होती. घरी पोचले तेव्हा पहाटेचे पाच वाजून गेले होते.

इथवरची हकीकत दोघांनी लगेच सांगितली. पीज येथील विमानदळाच्या तळावर त्यांनी ती कळवलीही. पण बघा, या हकिकतीत अपहरण कुठेच नाही. ते मागाहून आले, आणि तेही हप्त्याहप्त्याने आले.

पहिला हप्ता स्वप्नांचा. घरी आल्यावर बेटीबाईंनी ग्रंथालयातून उडत्या तबकड्यांवरचे मेजर डोनाल्ड कीहो यांचे पुस्तक आणून वाचले. त्या रात्रीनंतर दहा-एक दिवसांनी त्यांना लागोपाठ पाच रात्री भयंकर स्वप्ने पडली. ठेंगू माणसांनी आपल्याला यानात नेले आहे, तपासले आहे, अशी ती स्वप्ने. त्यांनी ती लिहून ठेवली आणि मैत्रिणींना सांगितली. बार्नींच्या कानांवरही ती पडत होतीच. दुसरा हप्ता एका प्रश्नाचा. नोव्हेंबरात चौकशीला आलेल्या गृहस्थांनी विचारले, "घरी पोचायला तुम्हाला इतका वेळ का लागला?" दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिली. दोन तासांचा हिशेब लागेना. तोवर ते हरवल्याचे त्यांच्या लक्षातही आले नव्हते.

तिसरा हप्ता संमोहनाचा. बार्नींची प्रकृती ढासळली होती. पोटात व्रण, रक्तदाब, मनाला स्वस्थता नाही. शेवटी ते दोघे बॉस्टनचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. बेंजामिन सायमन यांच्याकडे गेले. दुसऱ्या महायुद्धात मन खचून परतलेल्या सैनिकांवर संमोहनाने उपचार केलेला हा अनुभवी डॉक्टर. १९६४ च्या जानेवारीपासून जूनपर्यंत त्यांनी दोघांना वेगवेगळे संमोहित करून बोलते केले आणि ते बोलणे ध्वनिफितीवर घेतले. फितीवर बार्नींच्या किंकाळ्या आहेत. दोघांनीही यान, तपासणीचे टेबल, मोठ्या डोळ्यांची माणसे यांचे वर्णन केले. बेटीबाईंना तर तिथल्या म्होरक्याने ताऱ्यांचा नकाशा दाखवला होता म्हणे!

आपण म्हणाल, दोघांना वेगवेगळे विचारले आणि दोघांचे जमले, मग आणखी पुरावा कसला हवा? इथे जरा थांबू आणि एक लहानसा प्रयोग करू. पुढचे शब्द एकदाच, सावकाश वाचा : उशी, पलंग, रात्र, जांभई, पांघरूण, स्वप्न, थकवा, घोरणे, पहाट. वाचलेत? मग पुढे चला. या शब्दांकडे आपण परत येऊ.

डॉ. सायमन यांचा निष्कर्ष असा. ही दोघे खोटे बोलत नाहीत. आकाशात त्यांनी काहीतरी पाहिले असावे, आणि त्याने ती अतिशय भ्याली असावीत. पण अपहरणाचा भाग बेटीबाईंच्या स्वप्नांतला आहे. तो ऐकून ऐकून बार्नींच्या मनात उतरला. संमोहनात माणूस त्याला जे खरे वाटते ते सांगतो. जे घडले तेच सांगतो असे नव्हे. संमोहन ही मनाच्या तळघराची किल्ली आहे, असा आपला समज असतो. पण त्या तळघरात घडलेले, ऐकलेले आणि कल्पिलेले असे सारे सामान एकाच ढिगात पडलेले असते, आणि कुठल्याच सामानावर चिठ्ठी नसते. १९८५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या तज्ज्ञमंडळानेही सांगून टाकले की, संमोहनाने उजळलेली आठवण साध्या आठवणीपेक्षा अधिक भरवशाची नसते.

हिल दांपत्याची हकीकत १९६५ साली बॉस्टनच्या वृत्तपत्रात फुटली, १९६६ साली जॉन फुलर यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले आणि वाद पेटला. ताऱ्यांच्या नकाशाचेच पाहा. मार्जोरी फिश या बाईंनी मणी आणि दोरे यांची आरास टांगून वर्षानुवर्षे खटपट केली आणि तो नकाशा झीटा रेटिक्युली या जोडताऱ्याच्या बाजूचा ठरवला. यावर कार्ल सेगन यांनी बोट ठेवले ते असे : ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा पुसून पाहा, साम्य नाहीसे होते, आणि इतक्या ताऱ्यांतून हवे ते निवडायची मुभा असली की कुठला तरी आकार जुळायचाच. पुढे ताऱ्यांची अंतरे अधिक काटेकोर मोजली गेली, तेव्हा ती जुळणी मुळातच ढासळली. आणखी एक गोष्ट. बार्नींनी कानशिलाकडे वळत गेलेल्या डोळ्यांचे वर्णन केले ते २२ फेब्रुवारी १९६४ रोजी. त्याआधी बाराच दिवस अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर तशाच डोळ्यांचा परग्रहवासी एका मालिकेत दिसला होता. १९९० साली मार्टिन कॉटमायर या अभ्यासकाने ही तारीख दाखवून दिली. आम्ही ती मालिका पाहिलीच नव्हती, असे बेटीबाईंचे उत्तर. हा मुद्दा तिथेच राहिला.

१९७५ च्या ऑक्टोबरात या हकिकतीवरचा चित्रपट दूरचित्रवाणीवरून घरोघर गेला. मग कथांना पूर आला. न्यूयॉर्कचे चित्रकार बड हॉपकिन्स यांनी अशा माणसांना संमोहित करवून १९८१ साली पुस्तक काढले. त्याचा विषयच 'हरवलेला वेळ'. १९९४ साली तर हार्वर्ड विद्यापीठातले मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक, पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी जॉन मॅक यांनी या माणसांची बाजू घेतली. ते म्हणाले, ही माणसे वेडी नाहीत. त्यांची भीती बनावट नाही. अशी भीती काही घडल्यावाचून येते कुठून? विद्यापीठाने मॅक यांच्या कामाची चौकशी केली, पण १९९५ साली त्यांचे अभ्यासाचे स्वातंत्र्य मान्य करून त्यांना जागेवर ठेवले.

मॅक यांच्या त्या प्रश्नाचे उत्तर त्याच विद्यापीठात शोधले गेले. सुसान क्लॅन्सी आणि रिचर्ड मॅकनॅली या मानसशास्त्रज्ञांनी पळवून नेल्याचे सांगणाऱ्या माणसांना प्रयोगशाळेत बोलावले. आणि आता मघाची यादी आठवा. मागे न पाहता सांगा, तीत 'रात्र' हा शब्द होता का? होता. 'झोप' हा होता का? पुष्कळजण म्हणतील, होता. तो नव्हता. आजूबाजूचे सगळे शब्द झोपेचे, म्हणून मनाने तो आपल्या पदरचा घातला. यात लबाडी कुणाचीच नाही. तुमचे-माझे मनही हेच करते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात अपहरण मानणारी माणसे अशा न दिलेल्या शब्दांना इतरांहून अधिक फसली.

दुसरा प्रयोग २००४ सालचा. दहा माणसांना त्यांचीच अपहरणाची हकीकत ध्वनिमुद्रित करून ऐकवली आणि छातीचे ठोके, हातांचा घाम यांचे मोजमाप घेतले. युद्धाने किंवा अत्याचाराने खचलेल्या माणसांच्या अंगावर जसा काटा येतो, तसाच यांच्या अंगावर आला. म्हणजे भीती खरी, हे मॅक यांचे म्हणणे बरोबर. पण भीती खरी म्हणून प्रसंग खरा, ही त्यांची उडी चुकीची. शरीर भिते ते मनाने खरे मानलेल्या गोष्टीला.

यांतल्या पुष्कळांची कथा अंथरुणातच सुरू झालेली असते. स्वप्नाच्या झोपेत आपले स्नायू ढिले पडतात. कधी डोळे उघडतात, पण स्नायू अजून सुटलेले नसतात आणि स्वप्नही सरलेले नसते. हलता येत नाही, छातीवर ओझे, खोलीत कुणीतरी उभे. आपल्याकडे म्हणतात, भूत छातीवर बसले. न्यूफाउंडलंडमध्ये म्हणतात, म्हातारी बसली. आणि ज्याने आकाशयानांच्या कथा ऐकल्या आहेत त्याला ठेंगू माणसे दिसतात. हिल दांपत्याचे कोडे मात्र याने सुटत नाही, कारण ती मोटार चालवीत होती. पण जाक व्हॅली यांनी १९६९ सालीच दाखवले होते की, परीराज्यात एक रात्र काढून आलेला आणि वेळेचा हिशेब हरवलेला माणूस युरोपच्या लोककथांत जुनाच आहे. आपल्या चकव्याला त्यांच्या पंगतीत बसवायला हरकत नाही.

मग हिल दांपत्याच्या हकिकतीत अर्थ काहीच नाही? मला तसे वाटत नाही. संमोहनात बार्नींनी खिडकीतल्या एका आकृतीचे वर्णन लाल केसांच्या आयरिश माणसासारखी आणि दुसरीचे जर्मन नाझीसारखी असे केले. कृष्णवर्णीय नवरा, गोरी बायको, अनोळखी मुलूख, मध्यरात्र. गोऱ्या-काळ्यांचा विवाह सोळा राज्यांत गुन्हा होता, तो १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द करीपर्यंत. आपल्याला कुणीतरी रस्त्यात अडवील, खाली उतरवील, हे भय मनात घेऊन असा माणूस रात्रीची गाडी चालवीत असणार. परग्रहाची कथा बाजूला ठेवली तरी ही भीती उरतेच, आणि ती पृथ्वीवरचीच आहे. दुर्दैव असे की, यान खरे की खोटे या भांडणात तिच्याकडे फार थोड्यांनी पाहिले. बार्नी १९६९ साली, अवघ्या ४६ व्या वर्षी वारले. बेटीबाई २००४ पर्यंत जगल्या. आपले म्हणणे त्यांनी कधी सोडले नाही. २०११ साली न्यू हॅम्पशायर राज्याने त्या रस्त्याच्या कडेला त्यांच्या नावाची पाटीही उभारली.

आता पुन्हा मामांकडे. त्या सकाळी ओटीवर दोन पक्ष भांडत असताना माझी आजी आत काय करीत होती, ते मला फार उशिरा कळले. तिने मामांचे पाय गरम पाण्याने धुतले आणि विचारले, "भ्यालास का रे?" तेव्हा तो चाळिशीचा माणूस ढसढसा रडला. मग आजीने गड्याला हाक मारली आणि सांगितले, "जा, दुसरी वहाण कुठे पडलीय ती बघून ये." वहाण सापडली ती ओढ्यापलीकडे, घराच्या अगदी उलट अंगाला, एका बांधाशी. मामा अंधारात फाट्याला चुकले होते, एवढे त्यावरून कळले. बाकीचे कळले नाही.

तुमच्याही घरी कधी कुणी अशी गोष्ट घेऊन येईल. यानाचीच असेल असे नाही. भुताची असेल, स्वप्नाची असेल. त्याला आधी भीतीबद्दल विचारा. आणि उजाडले की वहाण शोधायला माणूस जरूर पाठवा.