टेक्सासची शेवंती

शेवंतीचे फूल मराठी घराला परके नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात झेंडूच्या शेजारी तिच्या राशी पडू लागतात, देवाला तिचा हार होतो आणि सुवासिनीच्या अंबाड्यावर तिची वेणी शोभते. हेच फूल अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका निराळ्याच मानाला चढले आहे. तेथील हायस्कुलांत दर वर्षी शरद ऋतूत एक दिवस असा येतो की, त्या दिवशी मुली शेवंतीचा एक अवाढव्य अलंकार गळ्यात अडकवून शाळेत येतात. मधोमध ताटलीएवढे एक फूल, किंवा दोन-तीन फुलांचा झुबका. त्याखाली गुडघ्यापर्यंत, क्वचित पावलांपर्यंत लोंबणाऱ्या शाळेच्या रंगांच्या फिती. फितींना बांधलेल्या छोट्या घंटा, इवलेसे फुटबॉल, कापडी अस्वले, चकाकत्या अक्षरांत लिहिलेली नावे, आणि अलीकडे तर बॅटरीवर लुकलुकणारे दिवेदेखील. मुलगी चालू लागली की, सारा व्हरांडा किणकिणू लागतो.

ह्या अलंकाराला तेथे ‘मम’ म्हणतात. शेवंतीचे इंग्रजी नाव क्रिसँथेमम. बोलता बोलता त्याचे शेपूट तेवढे शिल्लक राहिले. संस्कृतशी परिचित असलेल्या कानाला मात्र ह्या शब्दात ‘माझे’ असा अर्थ ऐकू येतो. आणि योगायोग असा की, ह्या प्रथेविषयी तेथे जो वाद दर वर्षी रंगतो, त्याच्या मुळाशीही हीच ‘माझे’पणाची भावना आहे.

ज्या सोहळ्यासाठी हा साज चढवावयाचा, त्याचे नाव ‘होमकमिंग’. मराठी मनाला कळेल अशा भाषेत सांगावयाचे, तर शाळेने आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना घडविलेले ते माहेरपण होय. ही कल्पना प्रथम विद्यापीठांत रुजली. टेक्सासमधील वेको शहरी असलेल्या बेलर विद्यापीठाने १९०९ च्या नोव्हेंबरात आपल्या माजी विद्यार्थ्यांना बोलावून मिरवणूक, शेकोटी आणि फुटबॉलचा सामना असा समारंभ केला. १९११ साली मिसूरी विद्यापीठाने कॅन्ससविरुद्धच्या सामन्यासाठी आपल्या जुन्या मुलांना ‘घरी’ येण्याचे आवाहन केले. तो सामना ३-३ असा बरोबरीत सुटला, पण बोलावण्याची ही रीत देशभर पसरली आणि विद्यापीठांतून हायस्कुलांत उतरली. येथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातांत घेऊन धावण्याचा अमेरिकन खेळ. टेक्सासमधील गावांना शुक्रवारच्या रात्रीचा शाळेचा सामना म्हणजे जत्राच वाटते. डॅलसच्या उत्तरेस असलेल्या ॲलन ह्या शहराने २०१२ साली केवळ हायस्कूलच्या सामन्यांसाठी १८,००० प्रेक्षकांचे क्रीडांगण उघडले, आणि त्यावर सुमारे ६ कोटी डॉलर खर्च केले. ह्या एका गोष्टीवरून तेथील उत्साहाची कल्पना यावी.

ह्या सोहळ्याला गुलाब सोडून शेवंतीच का निवडली गेली, ह्याचे उत्तर निसर्गात आहे. शेवंती ही लहान दिवसांची वनस्पती होय. रात्र पुरेशी लांब झाल्याखेरीज तिला कळी धरत नाही. दिवसाच्या लांबीवर फुलणे अवलंबून असते, हे तत्त्व गार्नर आणि ॲलार्ड ह्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीन ह्यांवरील प्रयोगांतून मांडले. शेवंती हे त्याचे एक ठळक उदाहरण आहे. ज्या कारणाने ती आपल्याकडे दिवाळीच्या आसपास बहरते, त्याच कारणाने ती तिकडे फुटबॉलच्या हंगामात फुलते. फूल मोठे, टिकाऊ आणि थंडीला न डगमगणारे. सामना पाहावयास निघालेल्या मुलीच्या कोटावर टाचण्यास अगदी योग्य. फूलविक्रेत्यांच्या भाषेत ह्या मोठ्या गोल शेवंतीला ‘फुटबॉल मम’ असेच नाव पडले.

तेव्हा आरंभी ही प्रथा साधी होती. मुलाने मुलीला एक ताजे फूल द्यावयाचे, त्यामागे शाळेच्या रंगाच्या एक-दोन फिती; मुलीने ते दिवसभर मिरवावयाचे. चार दिवसांत पाकळ्या गळत आणि फीत तेवढी आठवणीदाखल वहीत राही. पुढे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, खऱ्या फुलाची जागा कापडी फुलाने घेतली, आणि येथेच ह्या कथेला खरे वळण लागले. ताज्या फुलाच्या देठाला किती भार सोसेल ह्याला मर्यादा होती. कापडी फुलामागे पुठ्ठा लावला की, त्यावर वाटेल तेवढे चढविता येते. ताजे फूल आदल्या दिवशीच आणावे लागे. कापडी फुलावर महिनोन् महिने काम करता येते. ताजे फूल कोमेजून जाई, म्हणून त्यावर फार खर्च करणे कोणाही शहाण्या माणसाला पटले नसते. कापडी फूल कायमचे टिकते, म्हणून खर्चाला सबब मिळते. निसर्गाने घातलेली तिन्ही कुंपणे एकाच वेळी मोडली. मग एका फुलाची दोन झाली, दोनांची तीन झाली, टाचणीला भार पेलेना म्हणून गळ्यात पट्टा आला.

वाढत्या आकाराबरोबर संकेतही वाढले. पहिल्या वर्षाच्या मुलीचा मम लहान असावा, पुढे तो वर्षागणिक वाढावा, आणि शाळेच्या शेवटच्या वर्षी त्याने शाळेचे रंग सोडून बहुधा पांढरा-रुपेरी वेष धारण करावा, असा शिरस्ता पडला. मुलाच्या दंडावर त्याच पद्धतीचा, पण लहान असा फितींचा पट्टा बांधतात. सामान्यतः मुलाच्या घरच्यांनी मुलीचा मम करवावयाचा आणि मुलीच्या घरच्यांनी मुलाचा पट्टा, अशी देवघेव असते. हाताने घरी केलेला साधा मम काही दहा डॉलरांत होतो. दुकानात सांगून करविलेल्यास शेकडो डॉलर पडतात, आणि हजाराची मर्यादा ओलांडणारेही असतात. टेक्सासबाहेर, लगतच्या राज्यांतील काही भाग सोडल्यास, हा प्रकार फारसा कोणास ठाऊक नाही. परराज्यातून आलेले कुटुंब प्रथम तो पाहते तेव्हा थक्क होते, आणि दुसऱ्याच वर्षी आपल्या मुलीसाठी फिती विणू लागते.

ह्या प्रथेवर जे टीका करतात, त्यांचे म्हणणे सहज टाकून देण्याजोगे नाही. त्यांचा पहिला आक्षेप पैशाचा आहे. एका दिवसाच्या शोभेसाठी एखाद्या कष्टकरी कुटुंबाने आठवड्याची कमाई का घालवावी? दुसरा आक्षेप अभ्यासाचा आहे. घंटांच्या निनादात गणित कसे शिकवावे, हा शिक्षकांचा प्रश्न रास्तच असून, वर्ग चालू असताना मम उतरवून ठेवण्याचा नियम काही शाळांना करावा लागतो. तिसरा आक्षेप असा की, ही सारी प्लॅस्टिकची आणि कापडाची आरास अखेरीस कचऱ्यातच जाणार. परंतु सर्वांत खोलवर जाणारा आक्षेप चौथा आहे. इतर भेटी घरात राहतात. ही भेट अंगावर मिरवली जाते. कोणाला किती मिळाले आणि कोणाला काहीच मिळाले नाही, हे त्या दिवशी सकाळी आठ वाजल्यापासून साऱ्या शाळेला दिसते. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात रिकाम्या गळ्याने तो व्हरांडा ओलांडणे किती कठीण असेल, ह्याचा विचार प्रौढांनी करावयास नको काय?

समर्थकांचे उत्तरही ऐकण्यासारखे आहे. ते म्हणतात, बाहेरच्याला येथे फक्त झगमगाट दिसतो. त्यामागचे हात दिसत नाहीत. शाळा उघडण्याच्या आधीपासून घराघरांतून जेवणाच्या मेजावर फितींची भेंडोळी पसरलेली असतात. आई, आजी, मावशी एकत्र बसून फितींच्या नाना प्रकारच्या वेण्या घालतात. एकीची जुनी गुंफण दुसरी शिकते. ग्लू गनने बोट भाजते, चुका होतात, हसे होते. एरवी आईशी चार शब्द न बोलणारी मुलगी त्या मेजाशी तासन् तास रमते. शाळेच्या वाद्यवृंदासाठी किंवा एखाद्या मंडळासाठी निधी जमविण्याकरिता पालक मम तयार करून विकतात. गावातील गृहिणींना त्या दोन महिन्यांत घरबसल्या चार पैसे मिळतात. शिवाय ममवर जे लटकते ते निरर्थक नसते. बासरी वाजविणाऱ्या मुलीच्या फितीला बासरी असते, धावणारीच्या फितीला बूट असतो. तिचे नाव, तिचे वर्ष, तिची आवड ह्यांचा तो पाटच असतो. वर्षानुवर्षे असे मम भिंतीवर टांगून ठेवणाऱ्या बायका पैशांची नव्हे, करणाऱ्या हातांची आठवण जपतात, असे हे लोक सांगतात.

ह्यूस्टन आणि डॅलस ह्या शहरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही ह्याच शाळांत जातात, आणि त्यांच्या आईबापांपुढेही हा प्रश्न दर वर्षी उभा राहू शकतो. परंतु खरे पाहता मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. लग्नातील आहेराची कथा ह्याहून वेगळी कोठे आहे? आरंभी तो नव्या संसाराला लावलेला हातभार होता. पुढे आहेर वाचून दाखविण्याची, वहीत नोंदण्याची आणि तोलून परत करण्याची रीत पडली. देणारा प्रेमाने देत आहे की भीतीने, हे त्याचे त्यालाही कळेनासे झाले. अखेर ‘आहेर आणू नयेत’ अशी ओळ निमंत्रणपत्रिकेवर छापण्याची वेळ आली. ती ओळ छापणारे लोक कंजूस नव्हते, की परंपरेचे वैरीही नव्हते. ज्याच्यापाशी देण्यास काही नाही, त्यालाही मान ताठ ठेवून मांडवात येता यावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

टेक्सासच्या शेवंतीचा निवाडाही ह्याच कसोटीवर करावा लागेल. मम सुंदर की ओंगळ, हा रुचीचा प्रश्न आहे, आणि परक्या गावच्या रुचीचा न्याय करण्याचा अधिकार कोणाला नाही. पैठणीचा पदर ज्यांना भरजरी शोभतो, त्यांनी टेक्सासच्या फितींना नावे ठेवू नयेत. हौस हा दोष नव्हे. रोजच्या सपाट दिवसांत एखादा दिवस तरी अंगाखांद्यावर मिरवावा, ही मनुष्याची जुनी भूक आहे. प्रश्न आहे तो मर्यादेचा. ताज्या फुलाच्या काळी ती मर्यादा कोणाला आखावी लागत नसे. देठ, ऋतू आणि कोमेजणे ह्यांनीच ती आखून दिलेली होती. श्रीमंताच्या मुलीचे फूल आणि गरिबाच्या मुलीचे फूल सारख्याच दिवसांत सुकत असे. कृत्रिम फुलाबरोबर निसर्गाने आपले काम सोडले. आता ते माणसाने अंगावर घेतले पाहिजे.

आणि काही ठिकाणी माणसे ते घेऊही लागली आहेत. ज्यांना जोडीदाराने विचारलेले नाही, अशा मैत्रिणी एकमेकींसाठी मम गुंफतात. काही आईबाप आपल्या मुलीला स्वतःच मम करून देतात, म्हणजे कोणाच्या निमंत्रणाची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. दोन्ही घरे आधीच बसून खर्चाचा आकडा ठरवून टाकतात. मोठ्या बहिणीच्या फिती उसवून धाकटीच्या ममला लावल्या जातात. ह्यांपैकी एकाही उपायाने सोहळ्याची शोभा उणावत नाही; उणावते ती केवळ चढाओढ.

यज्ञात आहुती देताना ‘न मम’ म्हणण्याचा प्रघात आहे. दिलेले आता माझे नव्हे, असे म्हटल्यावाचून ते दान पुरे होत नाही. टेक्सासच्या मुलांना हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही जी मुलगी स्वतःचा मम पुरा झाल्यावर मेजावर उरलेल्या फिती गोळा करते, आणि वर्गातील जिच्याकडे काहीच नाही तिच्यासाठी रात्री उशिरापर्यंत बसून एक छोटासा मम गुंफते, तिला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागणार नाही. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात आणखी एक घंटा किणकिणेल. ती कितीही लहान असली, तरी पहिल्यावहिल्या फुटबॉल-शेवंतीशी तिचे नाते सर्वांत जवळचे असेल.