कॅनबेरातला दुसरा माणूस



जयपूरहून आग्रा जेमतेम अडीचशे किलोमीटर. आम्ही जयपूरची मराठी मंडळी पाहुण्यांना घेऊन ताजमहालाला जातो आणि परततो. याच आग्र्यात ११ मे २००७ रोजी हवाई दलाने कॅनबेरा विमानाला निरोप दिला. त्याआधी पन्नास वर्षं ते सेवेत होतं.

कॅनबेराचं मूळ दुसऱ्या महायुद्धात सापडतं. ब्रिटिशांचं मॉस्किटो हे तेव्हाचं हलकं बॉम्बफेकी विमान, तेही लाकडी! त्याच्या बॉम्बर प्रकारात बंदुकाच नव्हत्या. वेगाने जायचं आणि वेगाने परतायचं, हाच बचाव. ब्रह्मदेशच्या मोहिमेसाठी ते भारतात आलं, पण १९४४ मध्ये पंखांच्या जोडणीतले दोष उघड झाले आणि विमानं जमिनीवर ठेवून तपासावी लागली. त्याची जागा घेणारं जेट, म्हणजेच कॅनबेरा, इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीत विल्यम पेटर यांनी आखलं. १३ मे १९४९ रोजी ते पहिल्यांदा उडालं. भारताने १९५७ पासून ते घेतलं.

आपण घेतलेल्या बॉम्बर प्रकारात माणसं दोनच. वैमानिक वर, काचेच्या घुमटाखाली, थोडा डावीकडे. नेव्हिगेटर खाली, विमानाच्या पोटात. नकाशा, घड्याळ, वाऱ्याचा हिशेब सगळा त्याच्याकडे. लक्ष्य जवळ आलं की तो सरपटत पुढे नाकात जायचा, काचेमागे पालथा पडून खालची जमीन पाहायचा आणि वैमानिकाला सांगायचा : थोडं डावीकडे, आणखी थोडं, बस्स. संकट आलं तर वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची होती. नेव्हिगेटरला तीही नव्हती. पॅराशूट बांधायचं आणि दारातून उडी घ्यायची. विमान गिरक्या घेत असेल तर दारापर्यंत पोचणंच कठीण. हे ठाऊक असून माणसं रोज त्या जागी जाऊन बसत. पराक्रमाच्या आपल्या गोष्टींत वैमानिक असतो, हा दुसरा माणूस क्वचितच. मला हा अन्याय वाटतो.

मराठी मुलखाशी या विमानाचं नातं गोव्याचं. १८ डिसेंबर १९६१. पोर्तुगीजांच्या ताब्यातला गोवा मुक्त करण्याच्या हवाई मोहिमेची सूत्रं एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली पुण्याहून निघालेली बारा कॅनबेरा गोव्यातल्या दाबोळी विमानतळावर आली आणि काही मिनिटांत त्यांनी ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. पाठोपाठ विंग कमांडर सुरिंदर सिंग यांची आठ विमानं. हुकूम स्पष्ट होता : धावपट्टी फोडायची, इमारतींना धक्का लावायचा नाही. धावपट्टी उखडली, इमारती शाबूत राहिल्या. हजारो फुटांवरून हे साधायचं तर नाकात पालथ्या पडलेल्या माणसाचा हिशेब चोख हवा.

हेही सांगायला हवं की त्याच रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीचा काही भाग घाईघाईने दुरुस्त केला आणि तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमानं उडवून नेली. धावपट्टी फोडली म्हणजे ती बंद पडलीच, असं नसतं.

कॅनबेराचं मोठं काम मात्र माझ्या मते बॉम्बपेक्षा कॅमेऱ्याचं. आग्र्याच्या १०६ स्क्वाड्रनचे जगमोहन नाथ यांनी १९६२ मध्ये अक्साई चीन आणि तिबेटवर, तर १९६५ मध्ये पाकिस्तानवर उड्डाणं करून छायाचित्रं आणली. दोन्ही वेळा त्यांना महावीरचक्र मिळालं. कारगिल युद्धाच्या वेळी, मे १९९९ मध्ये, असंच छायाचित्रं घ्यायला गेलेलं एक कॅनबेरा क्षेपणास्त्र लागूनही एका इंजिनावर परत आलं.

१९६१ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर कॅनबेरावर काम केलेले नेव्हिगेटर, फिटर, बॉम्ब चढवणारे जवान आज ऐंशीच्या पुढे असतील. आपल्या घरात, शेजारात असं कुणी असेल तर त्यांच्यापाशी बसा. त्या दिवसांचं ते जे सांगतील, ते तारखेसकट लिहून ठेवा.